२१ डॉलरचे सूर

मंडळी, गावात तमाशाचा फड उतरला की लहानथोर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असते, ते फडाच्या मालकाचे. ढोलकीवर थाप पडल्याशिवाय फडावर पाय हलत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बसून कुणालाही ढोलकीवाल्याचे नाव विचारा, सांगणारा विरळाच. कीर्तनातल्या टाळकऱ्याची आणि लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिओनेटवाल्याचीही तीच गत. आज तुम्हाला अशाच एका माणसाची हकीकत सांगायची आहे. माणूस आपल्याकडचा नाही, दूर अमेरिकेतला आहे. वाद्यही आपले नाही, विजेवर चालणारी गिटार आहे. पण हकीकत ऐकलीत म्हणजे तुम्हीच म्हणाल, की हा तर आपल्या ओळखीचा निघाला.

या माणसाचे नाव डॅनी सेड्रोन. पाळण्यातले नाव डोनॅटो जोसेफ सेड्रोन. २० जून १९२० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सव्हिल या लहान गावी तो जन्मला. नावावरूनच कळते की घराणे मूळचे इटलीचे. पुढे फिलाडेल्फिया शहरात तो गिटारवादक म्हणून नावारूपाला आला. 'एस्क्वायर बॉइज' नावाचा त्याचा स्वतःचा लहानसा वाद्यवृंद होता. स्वतःच्या वृंदात तो मालक, आणि दुसऱ्याने बोलावले की मजुरीवर जाणारा वादक, असा त्याचा दुहेरी संसार होता.

आता हे मजुरीवर वाजवणे म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. ग्रामोफोनची तबकडी तयार करायची तर कंपनी एक बैठक ठरवते. तिला तिकडे 'सेशन' म्हणतात. ही बैठक बहुधा तीन तासांची. गायक ठरलेला असतो, पण त्याच्या पाठीमागे वाजवायला दर वेळी जितके आणि जसे वादक लागतील तितके बाहेरून बोलावतात. वादकाने वेळेवर यायचे, समोर येईल ते गाणे घटकाभरात बसवायचे, वाजवायचे, वादकांच्या संघटनेने ठरवलेला दर घ्यायचा आणि वाद्य पेटीत घालून घरी जायचे. तबकडी खपली काय, न खपली काय, त्याचा हिशेब तिथेच मिटला. अशा वादकाला 'सेशन वादक' म्हणतात. सुगीला आलेला मजूर दिवसाची मजुरी घेऊन जातो आणि पीक मालकाचे राहते, तसाच हा मामला.

आणि रॉक अँड रोल म्हणजे काय? दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची ही गोष्ट. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' नावाचे ठेक्याचे संगीत आणि गोऱ्या खेडुतांचे 'कंट्री' संगीत हे तोवर आपापल्या वाड्यात नांदत होते. वर्णभेदाची भिंत मध्ये उभी होती. पण रेडिओच्या लहरी भिंत जाणत नाहीत. रात्री काळ्या गायकांचे कार्यक्रम गोरी मुले चोरून ऐकू लागली. क्लीव्हलंड शहरातल्या ॲलन फ्रीड या निवेदकाने १९५१ नंतर या संगीताला 'रॉक अँड रोल' हे नाव लावून ते घरोघर नेले. दोन प्रवाहांच्या या संगमावर नाचऱ्या ठेक्याचे नवे संगीत उभे राहिले.

या संगमावर अगदी सुरुवातीला उभा असलेला एक गोरा गायक म्हणजे बिल हेली. जन्म १९२५ चा. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावच्या लहानशा रेडिओ केंद्रावर तो संगीताचे काम पाहत असे, आणि गुराख्यांच्या थाटाची टोपी घालून कंट्री गाणी गात असे. त्याच्या वृंदाचे नाव 'सॅडलमेन', म्हणजे खोगीरवाले. १९५१ मध्ये त्याने 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित केले. मूळ गाणे त्याच वर्षी काळ्या वादकांनी मेंफिस शहरात मुद्रित केलेले होते. हेलीच्या या तबकडीवर गिटार वाजवायला बोलावले गेले ते आपल्या डॅनी सेड्रोनला. हेलीने त्या काळी पूर्ण वेळचा प्रमुख गिटारवादक पदरी ठेवला नव्हता. गरज पडली की सेड्रोनला सांगावा जायचा, आणि सेड्रोन आपला वृंद सांभाळून तिथे हजर व्हायचा. हा शेजारधर्म दोन्ही बाजूंनी होता. हेलीने रचलेले 'रॉक-ए-बीटिन बूगी' हे गाणे स्वतः हेलीच्या आधी सेड्रोनच्या एस्क्वायर बॉइजनी मुद्रित केले आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, हेलीने 'रॉक द जॉइंट' हे गाणे काढले. याही गाण्याचे मूळ काळ्या कलावंतांकडे, १९४९ सालातले. हेलीच्या तबकडीत मध्यावर गायक थांबतो आणि गिटार एकटी पुढे येते. आपल्याकडे लावणीत गाणारी थांबते आणि ढोलकी बोलू लागते ना, तसे. तिकडे याला 'सोलो' म्हणतात. सेड्रोनने त्या ठिकाणी एक छोटा, पण विजेसारखा तुकडा वाजवला. आधी एकेक सूर झपाट्याने छेडत तो चढतो, आणि शेवटी घरंगळत्या गारांसारखे सूर एकामागून एक खाली धावत येतात. ही तबकडी बेताची चालली. तुकडा मात्र सेड्रोनच्या बोटांत राहिला.

आता १२ एप्रिल १९५४ या दिवसाकडे येऊ. हेलीच्या वृंदाचे नाव एव्हाना 'कॉमेट्स', म्हणजे धूमकेतू, असे झाले होते. डेक्का या मोठ्या कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. मुद्रणाची जागा सत्तराव्या रस्त्यावरचे 'पिथियन टेंपल' नावाचे उंच छताचे जुने सभागृह. निर्माता मिल्ट गेब्लर हा कसलेला माणूस. ठरलेल्या वेळी गेब्लर तयार, पण वादकांचा पत्ता नाही! डेलावेअर नदी ओलांडताना त्यांची फेरीबोट वाळूच्या दांड्यावर रुतून बसली होती. मंडळी उशिरा पोचली. पोचल्यावरही बराचसा वेळ 'थर्टीन विमेन' या पहिल्या गाण्यातच गेला, कारण कंपनीच्या मते तेच मुख्य गाणे होते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवे, म्हणून 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे ठेवले होते. मॅक्स फ्रीडमन आणि जेम्स मायर्स यांच्या नावावरचे हे गाणे. त्यासाठी बैठकीच्या शेवटी थोडासा वेळ उरला.

सोलो नव्याने बांधायला सवडच नव्हती. तेव्हा सेड्रोनने काय करावे? दोन वर्षांपूर्वी 'रॉक द जॉइंट'मध्ये वाजवलेला तोच तुकडा, सुरास सूर, त्याने इथे बसवला. गाणे दोनदा वाजवले गेले. पहिल्या खेपेला वाद्यांच्या गजरात हेलीचा आवाज बुडाला, म्हणून दुसऱ्या खेपेला आवाजावर भर दिला. पुढे कंपनीच्या तंत्रज्ञांनी दोन्हींची जोड घालून एक गाणे सिद्ध केले. ढोलावर बसलेला बिली गसॅक हाही सेड्रोनसारखाच बाहेरून मजुरीवर आणलेला वादक होता. म्हणजे ज्या गाण्याने पुढे जग नाचले, त्याचा ठेका आणि त्याची गिटार, दोन्ही रोजंदारीचीच.

या कामाचे सेड्रोनला २१ डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने आपले शंभर रुपये.

मे १९५४ मध्ये तबकडी बाजारात आली. थोडीफार खपली आणि मागे पडली. ७ जून रोजी हेलीची पुढची बैठक झाली. गाणे होते 'शेक, रॅटल अँड रोल'. सेड्रोन याही बैठकीला होता. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १७ जून १९५४ रोजी, फिलाडेल्फियात जिन्यावरून पडून त्याची मान मोडली आणि तो गेला. चौतिसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

खरी नवलाई यापुढे घडली, आणि तिचे निमित्त झाली एक शाळा. शिक्षक वाचकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. न्यूयॉर्कच्या एका बेशिस्त शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाची कथा इव्हान हंटर या लेखकाने १९५४ मध्ये कादंबरीत लिहिली होती. तिच्यावरून रिचर्ड ब्रूक्स या दिग्दर्शकाने 'ब्लॅकबोर्ड जंगल' हा चित्रपट काढला. आजच्या मुलांच्या कानावर काय पडते, हे दाखवणारे एखादे गाणे त्याला सुरुवातीला हवे होते. चित्रपटात शिक्षकाचे काम करणारा नट ग्लेन फोर्ड याच्या घरी त्याच्या लहान मुलाने जमवलेल्या तबकड्या होत्या. त्यांतून 'रॉक अराउंड द क्लॉक' पुढे आले. मार्च १९५५ मध्ये चित्रपट झळकला. पडदा उजळताच हे गाणे मोठ्या आवाजात सुरू होई आणि तरुण मुले खुर्च्यांतून उठून नाचू लागत.

बाजूला पडलेल्या त्या तबकडीला पुन्हा मागणी आली. ९ जुलै १९५५ रोजी ते गाणे अमेरिकेत खपाच्या यादीत पहिले आले आणि आठ आठवडे पहिलेच राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते इंग्लंडातही पहिले आले. १९५६ मध्ये गाण्याच्याच नावाचा चित्रपट निघाला. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. या सगळ्या प्रतींत, दोन मिनिटांच्या त्या गाण्यात, सुमारे सोळा सेकंद सेड्रोन वाजत होता. वाजवणारा मात्र वर्षभरापूर्वीच मातीआड झाला होता. त्याच्या जागी फ्रॅनी बीचर हा गिटारवादक आला. बेनी गुडमनसारख्या थोर वादकाच्या वृंदात राहिलेला हा गुणी माणूस. लोकांना तबकडीवरचाच तुकडा ऐकायचा असे, म्हणून रंगमंचावर त्याला सेड्रोनचे सूर वाजवावे लागत.

आता कुणी विचारील, की सेड्रोनला कुणी फसवले का? नाही. त्याचा दर चुकता झाला. कुणी कायदा मोडला नाही. अवघड प्रश्न आहे तो कायद्याचाच. ज्यांनी गाणे लिहिले त्यांना प्रत्येक प्रतीमागे वाटा मिळे. ज्याच्या नावाने तबकडी निघाली त्या गायकाचा करार असे. पण मध्यावरचा गिटारचा तुकडा कागदावर लिहिलेल्या गाण्यात धरला जात नसे. तो वादकाने तिथल्या तिथे वाजवलेला, म्हणून मजुरीत जमा.

अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेला हे दिसत नव्हते असे नाही. तबकड्या वाजू लागल्या म्हणजे प्रत्यक्ष वादकाला कोण बोलावणार, या भीतीने त्यांनी १९४२ मध्ये मुद्रणावर बहिष्कार घातला. तो पुरता मिटायला १९४४ साल उजाडले. १९४८ मध्ये पुन्हा संप झाला. त्यातून असे ठरले, की कंपन्यांनी तबकड्यांच्या विक्रीवर ठराविक रक्कम एका विश्वस्त निधीत भरावी. पण त्या निधीतून लोकांसाठी फुकट जलसे व्हायचे आणि त्या जलशांत वाजवणाऱ्यांना पैसे मिळायचे. तबकडीवर ज्याने वाजवले त्याच्या हाती त्यातले काही पडेलच असे नव्हते. मुद्रणात वाजवणाऱ्यांना दरसाल वाटा देणारा वेगळा निधी सुरू झाला तो १९६४ मध्ये, सेड्रोन गेल्यावर दहा वर्षांनी.

इथे आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सेड्रोन गोरा होता. ज्या काळ्या कलावंतांनी ही वाट पाडली, त्यांचा वाटा त्याहूनही थोडका होता. 'शेक, रॅटल अँड रोल' हे गाणे आधी बिग जो टर्नर या काळ्या गायकाने १९५४ च्या आरंभी मुद्रित केले. त्यावर गिटार वाजवणारा मिकी बेकर हाही सेशन वादकच. १९२५ मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरी जन्मला, अनाथाश्रमात राहिला, तिथून पळाला. त्या काळच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांमागे त्याची गिटार आहे, पण तबकडीवर नाव दुसऱ्याचे. बेकर शहाणा निघाला. १९५५ मध्ये त्याने गिटार शिकवणारे पुस्तक लिहिले, आणि ते पिढ्यान्पिढ्या शिकणाऱ्यांच्या हाती राहिले. पुढे आपल्याच एका शिष्येबरोबर, सिल्व्हियाबरोबर, जोडीने गायला. 'लव्ह इज स्ट्रेंज' हे त्यांचे गाणे १९५७ च्या आरंभी देशभर गाजले, आणि या वेळी तबकडीवर नाव 'मिकी अँड सिल्व्हिया' असे होते. नंतर तो फ्रान्सला गेला आणि तिथेच २०१२ मध्ये वारला. सेड्रोनला आयुष्याने तेवढी सवड दिली नाही.

सात समुद्रांपलीकडची ही गोष्ट आपल्या दारापर्यंत कशी येते, तेही पाहा. १९५७ मध्ये 'आशा' या हिंदी चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गाणे गाजले. त्यात रॉक अँड रोलचाच ठेका होता. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. आणि मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे बहुतेक कोण? गोव्याचे. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईला आली आणि बैठकीच्या दराने वाजवू लागली. त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार करून येत नसत. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोचले ते १९७७ मध्ये, तेही एका चित्रपटगीतात, कारण संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होते.

आपल्या कायद्याचीही गोष्ट ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन वादक-गायकांना कलावंत म्हणून हक्क मिळाले, आणि २०१२ मध्ये व्यापारी वापरातल्या वाट्याची तरतूद आली. पण त्याच दुरुस्तीत एक पोटकलम आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला बहुतेक हक्कांसाठी कलावंत धरायचे नाही. म्हणजे नाव लिहिणे ही नुसती शिष्टाचाराची बाब उरत नाही. नावाच्या मागोमाग हक्क चालतो.

सेड्रोनचे नाव लिहिले गेले, पण फार उशिरा. बिल हेलीला रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात १९८७ मध्ये स्थान मिळाले, एकट्याला. त्याच्या साथीदारांना, कॉमेट्सना, ते मिळायला २०१२ साल यावे लागले. त्या यादीत डॅनी सेड्रोनचे नाव आहे. २१ डॉलर घेऊन घरी गेल्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. हे गाणे कुठे मिळाले तर वर्गात लावा. पहिल्यांदा मुलांना नुसते नाचू द्या. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा विचारा: गाणारा कोण ते सोडा, मागे कोणकोणती वाद्ये वाजतात? गिटार एकटी पुढे कधी येते? मुलांचे कान तीक्ष्ण असतात, ती बरोबर सांगतील. मग फळ्यावर डॅनी सेड्रोन हे नाव लिहा आणि ही हकीकत सांगा. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया असे मुलांच्या मनात बसलेले असते. ते थोडे सैल होईल.

आणि गावकरी मंडळींनी आपल्याच गावापासून सुरुवात करावी. शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची नावे पत्रिकेत छापा. जत्रेतले भारूड, गोंधळ, भजन हल्ली कुणीतरी हातातल्या यंत्रावर टिपून ठेवतो. त्यासोबत संबळ कुणाची, टाळ कुणाचे, पखवाज कुणाचा, आणि तारीख कोणती, एवढे चार ओळींत लिहून ठेवा. त्याला खर्च काही लागत नाही. उद्या तोच तुकडा कुणी उचलला आणि त्याचे मोल झाले, तर वाजवणाऱ्याच्या लेकराबाळांना दाखवायला निदान एक कागद हाताशी असेल.